खारआळीचे दुधाचे दात

१

चोरीला काय गेलं ते ऐकून बोईसर ठाण्यातल्या हवालदाराला आधी हसूच आलं. दवाखान्याचं कुलूप शाबूत होतं, गल्ल्याला कुणी हात लावला नव्हता, महागडी यंत्रं जागच्या जागी होती. गेले होते ते लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात.

पोलीस उपनिरीक्षक हेमांगी खराडे मात्र हसली नाही. तिला पाचवा महिना लागला होता, आणि लहान मुलांचा विषय निघाला की हल्ली ती हातातलं काम सोडून ऐकायची.

"शिसं," दातांची डॉक्टर हेतल म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "खारआळीतल्या सात-आठ वर्षांच्या पोरांना अक्षर लागत नाही, हात थरथरतात, रक्त कमी. लोक म्हणतात कारखान्याचा धूर. मी म्हटलं, दातांनाच विचारू."

"दात काय सांगणार?"

"सगळं. दुधाचे दात बाळ पोटात असतानाच घडायला लागतात. जन्माच्या वेळची एक बारीक रेघ दातात कायमची उमटते. रेघेच्या अलीकडे जे साठलं ते आईच्या पोटातलं, पलीकडचं जन्मानंतरचं. उद्या सकाळी दात मुंबईच्या प्रयोगशाळेत जायचे होते."

मागच्या खोलीत काचेच्या कपाटात एकाच फळीवर दोन डबे असायचे. एकावर 'खारआळी' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बेटेगाव'. बेटेगावचा डबा तसाच होता. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळींतल्या, कामगारांच्या मुलांचे दात त्यात होते. चोराने तो बाजूला सारून मागचा खारआळीचा तेवढा उचलला होता.

"हे दात जाणार आहेत, हे कुणाला ठाऊक होतं?"

"कारखान्याचे सुरक्षा अधिकारी ज्ञानेश पाटील, ते परवाच येऊन गेले. आणि खारआळीतला रामा. कारखान्याविरुद्ध मोर्चे तोच काढतो, मुलांना दात आणून द्यायला त्यानंच तयार केलं." हेतल क्षणभर थांबली. "चाचणीसाठी म्हणून त्याच्या मुलाचा, दर्पणचा, एक दात मी आधीच पाठवला होता. गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. दोघांनाही मी तेव्हाच सांगितलं."

"काय आलं?"

"रेघेच्या अलीकडे भरपूर शिसं. पलीकडे जवळजवळ नाहीच."

हेमांगीने नकळत पोटावर हात ठेवला. दर्पण जन्मला तेव्हाच विषबाधा संपली होती. मग कारखान्याचा धूर काय फक्त गरोदर बाईलाच शोधत येत होता?

२

ज्ञानेश पाटील जळगावकडचा माणूस, बोलायला सावध. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायच्या त्या कारखान्यात त्याने हेमांगीला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिने प्रश्न विचारायच्या आत उत्तर दिलं.

"मॅडम, ते दात चोरून मला काय मिळणार? दर्पणच्या दाताचा निकाल ऐकून आमचा वकील खूश झाला होता. धुराचं शिसं जन्मानंतर थांबत नसतं. ते दात मुंबईला पोचले असते तर आम्ही सुटलो असतो."

"मग परवा दवाखान्यात कशाला गेला होतात?"

"अर्धे दात आमच्याही प्रयोगशाळेत तपासू द्या, म्हणून विनंती करायला. डॉक्टर नाही म्हणाल्या. मी परत आलो."

तो खोटं बोलत नव्हता, असं तिला वाटलं. पण खिडकीबाहेर मागच्या फाटकाकडे तिची नजर गेली तेव्हा त्याने पडदा ओढला. ती निघताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "आम्ही धुतल्या तांदळाचे आहोत असं मी म्हणत नाही. पण त्या दातांचे चोर आम्ही नाही."

तिथून ती खारआळीत गेली. पाम गावाच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी मांगेल्या मच्छीमारांची ती वस्ती. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. दुपारचा वारा समुद्राकडून येत होता आणि कारखान्याचा धूर उलट्या दिशेला, बेटेगावकडे ढकलत होता. हेमांगीने ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

रामाच्या घरी त्याची आई पुष्पलता चुलीपाशी बसली होती. हेमांगीला पाहताच म्हातारीने ओळखलं.

"पाचवा ना? बस पोरी. आंबट खावंसं वाटते ना?"

कोकमाचं गरम सार तिने वाटीत ओतून समोर धरलं. आळीत कुणाला दिवस गेले की पुष्पलताच्या चुलीवर तिच्यासाठी सार चढायचं. पहिल्या महिन्यापासून बाळंत होईपर्यंत रोज. बाळंतिणीला आंबट वर्ज्य, म्हणून तिथे ते थांबायचं. तिची सासूही तसंच करत आलेली.

हेमांगीने वाटी संपवली. जिभेला तरतरी आली. "मीसुद्धा आईनं दिलेलं पितळेचं पातेलं काढलंय," ती म्हणाली. "गेल्याच आठवड्यात कल्हई करून घेतली. आमटीला चव येते."

"येतेच," म्हातारी म्हणाली. "स्टीलात काय चव?"

दाराशी रामा येऊन उभा राहिला होता. उंच, उन्हाने रापलेला. त्याच्या मागे दर्पण, अंगठ्याने बोटं चोळत. रामाने हेमांगीच्या हातातली रिकामी वाटी पाहिली, मग तिचं पोट. त्याचा चेहरा एकदम कोरडा पडला.

"चोर कारखान्यात शोधा, मॅडम," तो म्हणाला. "आमच्या चुलीत काय शोधता?"

३

चोराने कुलूप तोडलं नव्हतं, म्हणजे किल्ली वापरली होती. दुसरी किल्ली दवाखान्याच्या जागेचे मालक खंडेराव निकम यांच्याकडे असायची. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे नाशिककडचे. बायको उषाताई शाळेत शिक्षिका होत्या, आता घरी शिकवणी घ्यायच्या. किल्ली त्यांच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होती.

"काल दुपारी घरी कोण आलं होतं?"

"कुणी नाही," खंडेराव म्हणाले. "मी झोपलो होतो, ही मुलांना शिकवत होती."

उषाताईंनी मान हलवली. "शिकवणीची मुलं सोडली तर कुणीच नाही."

हेमांगी पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. मोरीत मोठ्या घोळ माशाचे खवले पडले होते. असा मासा बोईसरच्या बाजारात सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी निवृत्त माणसाच्या घरी रोज शिजत नाही.

"ताजा दिसतो, काकू."

"हो, रामानं आणून दिला. त्याच्या दर्पणला मी शिकवते ना. पैसे घेत नाही, म्हणून तो अधूनमधून मासा आणतो. 'ग' आणि 'म' मधला फरक लेकराच्या डोक्यात राहतच नाही हो. आज येतो, उद्या जातो. पोरगं स्वतःलाच मारून घेतं मग." उषाताईंनी पदराने हात पुसले. "त्याची थोरली बहीण हेमाली. तिलाही मीच शिकवलं. एकदा सांगितलं की झालं."

"एकाच घरातली दोन मुलं?"

"तेच तर. तेच घर, तेच पाणी, तोच समुद्र. फरक इतकाच की हेमालीच्या वेळी तिची आई डहाणूला माहेरी होती. यांचं घर बांधायचं चाललं होतं, म्हणून दिवस राहिल्यापासून पार बाळंतपणापर्यंत तिकडेच."

हेमांगीने पाण्याचा पेला खाली ठेवला. बाहेरच्या खोलीत खंडेराव पेपर चाळत होते. तिने विचारलं, "काकू, काल मासा द्यायला रामा आत आला होता?"

"दर्पणला घ्यायला आला, तेव्हा दिला. आणि आज सकाळी दर्पणला सोडायला आला होता." त्या थांबल्या. "तुम्ही कोण आलं होतं विचारलंत. रामा काय परका आहे?"

काल किल्ली गेली, आज खिळ्यावर परत आली. मुलांसाठी न्याय मागत फिरणाऱ्या बापानेच मुलांचा पुरावा चोरला होता. पण का?

४

हेमांगीने जीप पुन्हा खारआळीकडे वळवली. सोबत हेतलला घेतलं. वाटेत ती मोठ्याने विचार करत होती, आणि हेतल ऐकत होती.

"बेटेगाव धुराच्या तोंडाशी आहे. तिथल्या मुलांना खोकला आहे, पण हे नाही. खारआळी धुरापासून लांब. म्हणजे हवा नव्हे. हेमाली आणि दर्पणचं पाणी एक, म्हणजे विहीर नव्हे. फरक आईच्या गरोदरपणाचा. असं काय आहे जे खारआळीची बाई फक्त पोट असताना घेते, आणि बाळंत झाली की सोडते?"

हेतलने तिच्याकडे पाहिलं. "काय?"

हेमांगीने जीपचा वेग वाढवला. तिच्या जिभेवर अजून कोकमाची चव होती.

पुष्पलता अंगणात जाळ्याच्या गाठी तपासत होती. हेमांगीने तिच्यासमोर उकिडवं बसत विचारलं, "मावशी, सार कशात करता? ते पातेलं दाखवा."

"ते काय, चुलीवर."

चुलीवर स्टीलचं नवंकोरं पातेलं होतं. खाली बाजाराची चिठ्ठीसुद्धा अजून पुरती निघाली नव्हती.

"हे तर नवीन आहे."

"नवीनच. माझं साराचं पितळेचं मोठं पातेलं होतं, सासूचं. रामानं नेलं आठवड्यापूर्वी. बोलला, आय, त्याला भोक पडलाय. मला नाय दिसला भोक. तुमी प्यायलात ते याच्यातलंच. म्हणून मगाशी बोलले, स्टीलात काय चव?"

हेमांगीने डोळे मिटले. तिच्या पोटात गेलं होतं ते स्टीलच्या पातेल्यातलं सार. सुटकेचा श्वास तिने सोडला, आणि त्याच श्वासात तिला कळलं, की आठवड्यापूर्वी दर्पणच्या दाताचा निकाल रामाला सांगितला गेला होता. पातेलं त्यानंतरच नाहीसं झालं होतं. रामाला सगळं ठाऊक होतं.

"रामा कुठाय, मावशी?"

"होडीवर. बंदराला लागली असेल."

५

रामा होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बसून होता. हेमांगीला येताना पाहून तो उठला नाही, पळालाही नाही.

"पातेलं कुठं आहे?"

"खोल पाण्यात," तो म्हणाला. "लांब नेऊन टाकलं. परत कुणाच्या चुलीवर नाय चढायचं."

"आणि दात?"

तो जाळ्याची दोरी गुंडाळू लागला. हेतल पुढे झाली. "रामादादा, तेही टाकलेस?"

"लेकरांचे दात कसे टाकू, ताई?" तो म्हणाला. "पडलेला दात आमी कौलावर टाकतो, नवा यावा म्हणून. घराच्या कौलाखाली ठेवलेत. एकूण एक हायेत."

मग तो सांगत गेला. दर्पणच्या जन्माआधी होडीचं इंजिन मोडलं होतं, म्हणून त्याने काही महिने कारखान्यात ठेकेदाराकडे काम केलं. मागच्या फाटकाने शिशाच्या लाद्या बाहेर जायच्या, वरच्यांची डोळेझाक असायची. जाळ्याला वजनाचे गोळे करायला म्हणून त्यानेही एक आणली. त्याच दिवसांत आळीत कल्हईवाला झुंबर आला. आईचं पातेलं त्याने भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, आणि कथील संपलं म्हणाला. कोपऱ्यात पडलेली लादी पाहून म्हणाला, हेही चालतं, असंच चमकतं. पुढे दर पावसाळ्यानंतर झुंबर आळीत यायचा. कथील त्याचं तोच आणायचा.

"मी दिली ती लादी," रामा म्हणाला. "माझ्या हातानं. डॉक्टर ताईंनी रेघेचं सांगितलं तवा मी घरी आलो. आय चुलीपाशी सार ढवळत होती. आंबट उकळत होतं आन् पातेल्याची आतली बाजू काळी-निळी दिसत होती, शिसं त्या आंबटात सुटत होतं. मी पातेलं तसंच उतरवून घेतलं."

"मग सांगितलं का नाहीस? दात का चोरलेस?"

"एका दाताचं कोण ऐकतंय? सगळ्यांचे दात तेच बोलले असते तर आळीतल्या बाया आपण पोटुशी असताना काय प्यायलं ते शोधत माझ्या आईपाशी आल्या असत्या. साठ वर्षं तिनं दुसऱ्यांची पोटं सांभाळली, मॅडम. तिच्या हातानं विष गेलं हे तिला कळलं तर ती जगायची नाय. पातेलं गेलं, विष थांबलं. बाकी लोकांनी कारखान्याला शिव्या देत राहावं, एवढंच मला पायजे होतं."

हेमांगीला त्याचा राग आला आणि राग धरता येईना. पण तिचं मन त्याच्या दोन वाक्यांशी अडलं होतं. दर पावसाळ्यानंतर यायचा. कथील तोच आणायचा.

"झुंबरला ते शिसं तेव्हा तू दिलंस. नंतर तो कुठून आणायचा?"

"तिथनंच. मागच्या फाटकावरनं. त्याला सवय लागली. यंदापासून सगळीकडंच फिरतो तो. पाम, बेटेगाव, बोईसर..."

गेल्या आठवड्यात पोलीस वसाहतीच्या फाटकाशी भाता घेऊन बसलेला एक म्हातारा हेमांगीच्या डोळ्यांसमोर आला. "पाहा ताई, आरशासारखं," असं म्हणत त्याने तिच्या आईचं पातेलं तिच्या हातात दिलं होतं. त्या दिवसापासून रोज त्यातच चिंचेची आमटी होत होती.

होडीवरून उतरून ती थेट जीपकडे निघाली.

६

झुंबर बेटेगावच्या चाळीसमोर सापडला. भोवती भांडी घेतलेल्या बायांचा घोळका होता, आणि त्यांतल्या एकीचं पोट पुढे आलेलं होतं. हेमांगीने आधी तिच्या हातातलं पातेलं घेतलं, मगच झुंबरच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या पिशवीत मऊ, जड, काळपट लाद्या निघाल्या. नखाने ओरखडा पडत होता.

"अहो, सगळेच असं करतात," झुंबर काकुळतीने म्हणाला. "खरं कथील कुणाला परवडतंय? चमक तर सारखीच."

त्याला ठाण्यात नेलं. कारखान्याच्या मागच्या फाटकाचा पंचनामा झाला. ज्ञानेश पाटलाने पडदा न ओढता सगळं सांगितलं, आणि त्या जबाबाखाली सही करताना त्याचा हात थांबला नाही. घरी येऊन हेमांगीने आपलं पातेलं पांढऱ्या रुमालाने पुसलं. रुमालावर करडा डाग उमटला. ते तिने सीलबंद करून तपासायला पाठवलं, आणि स्वतःचं रक्तही दिलं.

रक्तात शिसं निघालं, थोडं. "लवकर थांबलंत," पालघरच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "लोह, कॅल्शियम वेळेवर घ्या. बाळाकडे आपण लक्ष ठेवू." हेमांगीने मान हलवली. रामाच्या बोलण्यामुळे तिला पातेलं वेळेवर बाजूला ठेवता आलं होतं. दर्पणच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं.

हेतलने तक्रार मागे घ्यायची तयारी दाखवली. दात कौलाखालून निघून मुंबईला गेले. राहिली ती एकच गोष्ट, आणि तिच्यासाठी रामा हेमांगीच्या पाया पडायला आला.

"आईला सांगू नका. मला तुरुंगात टाका, पण तिला नका सांगू."

"उठ," हेमांगी म्हणाली. "मलाही सांगायचं नाही. पण आळीत कुणाकुणाच्या पोटात ते सार गेलं, किती महिने गेलं, कोण कामाला बाहेरगावी गेलं, कोण बिऱ्हाड घेऊन कुठल्या गावात गेली, हे कुणाला माहीत आहे? त्या बायांचं रक्त तपासायला हवं. हाडांत बसलेलं शिसं पुढच्या गरोदरपणात पुन्हा सुटतं. त्यांच्या मुलांना आत्तापासून वेगळं शिकवावं लागेल. उशीर झाला तर उषाकाकूंसारखी माणसंही हात टेकतील. तुझ्या आईशिवाय ही नावं कुणालाच सांगता येणार नाहीत."

रामाने तोंड फिरवलं. तो म्हणाला, "मग मीच सांगतो. तुमी फक्त बसा."

पुष्पलता ओटीवर बसली होती. रामाने तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. लादीचं, झुंबरचं, पातेल्याचं, दातांचं. तो थांबला तेव्हा म्हातारीने आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. माडाच्या झावळ्या वाऱ्याने घासत होत्या.

"पोरं बरी होतील?" तिने हेतलला विचारलं.

हेतलला खोटं बोलता आलं असतं. "गेलं ते सगळं परत येणार नाही, मावशी. पण आत्ता हात दिला तर पुष्कळ फरक पडेल. आणि पुढची पोरं वाचतील."

पुष्पलताने पदर खांद्यावर घेतला. मग रामाच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही, पण हातही काढला नाही.

"सगळी नावं हायेत माझ्यापाशी," ती म्हणाली. "सांगते. पण लिवायच्या आधी मी बोलणार. प्रत्येकीच्या दारात जाऊन, तोंडानं. माझ्या हातचं प्यायल्या त्या, माझ्याच तोंडून त्यांना कळू दे. पैलं माझ्याच घरात."

तिने आत हाक मारली. "रूपाली."

रूपाली, दर्पणची आई, दाराच्या आडच उभी होती. तिने सगळं ऐकलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते. सासूच्या तोंडून शब्द निघेना. हेमांगीला वाटलं, आता रूपाली ओरडेल, आता ही काहीतरी फेकून मारेल, आणि तिचं चुकणार नाही.

रूपालीने पदर खोचला. पायांत चपला सरकवल्या.

"आळीतल्या हितेशच्या बायकोला सातवा हाय," ती म्हणाली. "ते पातेलं जाईपर्यंत ती त्यातलंच पीत होती. आधी तिच्याकडं जाऊ."

ती ओटीवरून उतरली. सासूचा हात तिने धरला नाही. पण म्हातारीची पावलं हळू पडत होती, आणि आळीच्या त्या वाळूच्या वाटेने रूपाली तिच्या चालीनेच चालत राहिली.